पावलांआधी नकार शिका

ब्युनोस आयर्सला नोकरीच्या निमित्ताने राहायला जाणाऱ्या मराठी मुलींचे मला अधूनमधून फोन येतात. घर कुठल्या भागात घ्यावं, शाकाहारी जेवणाचं काय, हे विचारून झालं की आवाज जरा खाली येतो. "टँगो शिकायचाय हो ताई. पण ते सगळं ठीक असतं ना?" मनात असते ती मिठी. परक्या पुरुषाच्या छातीशी छाती, गालाशी गाल, म्हणजे धोका तिथेच असणार, असं आपल्याकडे कुणालाही वाटेल. मी त्या शहरातल्या मिलोंगांमध्ये वर्षभर नाचले. त्या मिठीला तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चांगलं कुंपण घातलंय, आणि आत मी फार सुखाचे तास घालवले. जपायचं ते कुंपण ओलांडून येणाऱ्या माणसापासून. तो बहुतेक वेळा 'चल, मी तुला शिकवतो' असंच म्हणत येतो.

हे कुंपण म्हणजे काय, ते आधी सांगते. टँगो नाचायला लोक जिथे जमतात त्या बैठकीला मिलोंगा म्हणतात. रात्री दहा-अकराला ती रंगायला लागते आणि पहाटेपर्यंत चालते. जुन्या वळणाच्या मिलोंगात यजमान दारातच भेटतो आणि जागेवर नेऊन बसवतो. कित्येक ठिकाणी बायका एका बाजूला, पुरुष समोर. संगीत तांद्यांमध्ये लागतं. एक तांदा म्हणजे एकाच वाद्यवृंदाची सलग गाणी, टँगो असेल तर बहुधा चार, वॉल्ट्झ किंवा मिलोंगा नावाचाच जलद प्रकार असेल तर तीन. दोन तांद्यांच्या मध्ये कोर्तिना, म्हणजे भलत्याच संगीताचा एक तुकडा. तो वाजला की सगळे आपापल्या जागी परत जातात. पुरुष बाईला तिच्या टेबलापर्यंत पोचवतो आणि मोकळा होतो.

आमंत्रण डोळ्यांनी. तांद्याचं पहिलं गाणं सुरू झालं की ज्याच्याबरोबर नाचायचंय त्याच्याकडे बघायचं. नजर भिडली की पुरुष मान किंचित हलवतो, त्याला कबेसेओ म्हणतात. तुम्हीही मान हलवलीत तर ठरलं. नको असेल तर नजर दुसरीकडे वळवायची, बस्स. कुणी कुणाला तोंडाने 'नाही' म्हटलेलं नसतं, त्यामुळे कुणाचा अपमानही झालेला नसतो. पुरुष तिथपर्यंत येईस्तोवर जागेवरून उठायचं नाही, कारण त्याने मान हलवली ती कदाचित तुमच्या मागे बसलेल्या बाईसाठी असते. आणि नाचता नाचता काही खटकलं, तर दोन गाण्यांच्या मध्ये 'ग्रासियास' म्हणायचं. मराठी मुली भिडस्तपणाने प्रत्येक गाण्यानंतर आभार मानायला जातात. तसं करू नका. तांदा संपण्याआधी तो शब्द उच्चारला की 'पुरे, मला थांबायचंय' असा त्याचा अर्थ होतो, आणि समोरच्याने कारण न विचारता थांबायचं असतं.

बाईच्या हातात इतका सोपा, इतका सभ्य नकार देणारी दुसरी नाचाची जागा मी पाहिलेली नाही.

मी लहानपणापासून पुण्यात कथक शिकले. त्याचा टँगोत फायदा झाला. वजन एका पायावरून दुसऱ्यावर पूर्ण नेणं, तालाच्या आत थांबणं, हे अंगात होतं. पण कथकने दिलेली एक सवय तिथे अडचणीची ठरते. आपल्याकडे शिकवणाऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असंच आपण वाढतो. गुरूने खांदा धरून सरळ केला तर आपण खांदा सरळ करतो. ही शिस्त मला प्रिय आहे, तिनेच मला नाच दिला. पण मिलोंगा हा वर्ग नाही, आणि तिथे भेटलेला अनुभवी नर्तक तुमचा गुरू नाही. मिलोंगात नाचताना कुणी कुणाला शिकवायचं नाही, हाही रिवाजच आहे. शिकण्या-चुकण्यासाठी प्राक्तिका नावाच्या वेगळ्या सरावबैठका असतात. हा फरक आपल्या मुलींना कुणी सांगत नाही. म्हणून 'शिकवतो' हा शब्द ऐकला की आपली मान आपोआप खाली जाते.

मला भेटलेला माणूस पन्नाशीचा होता. नीटनेटका, दारातल्या यजमानापासून वेटरपर्यंत सगळ्यांना नावाने ओळखणारा. नजरेचं आमंत्रण वगैरे न करता तो थेट टेबलाशी आला आणि त्याने हात पुढे केला. चारचौघांत पुढे आलेला हात नाकारणं किती अवघड असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाचताना तो मध्येच थांबून माझ्या पाठीची, मानेची दुरुस्ती करायला लागला. मागची जोडपी खोळंबली. मग त्याने खासगी तासांचं सुचवलं. महिन्याचे पैसे आगाऊ आणि डॉलरमध्ये. तासांमध्ये तो सांगे की आशियाई मुली अंग चोरतात, टँगोत शरीर सोपवावं लागतं. पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली असायला हवा तो हात कमरेच्या खाली यायला लागला, आणि प्रत्येक वेळी त्याला तंत्राचं कारण जोडलेलं असे. दुसऱ्यांबरोबर नाचलीस तर तुझी मिठी बिघडेल, असंही तो बजावायचा.

सर्वांत परिणामकारक होतं ते त्याचं मिलोंगात माझ्या शेजारी येऊन बसणं. वरवर किती साधी गोष्ट! पण पुरुषाच्या शेजारी बसलेली बाई जोडीने आलेली आहे असं तिथे धरलं जातं आणि तिच्याकडे दुसरं कुणी बघत नाही. मला आठवडेच्या आठवडे एकही कबेसेओ येईना. मी त्याचं कारण माझ्या नाचात शोधत राहिले, आणि त्यावर उपाय म्हणून तो आणखी तास सुचवत राहिला.

सत्तरी ओलांडलेली एक बाई त्याच टेबलावर बसायची. जानेवारीचा उकाडा होता; तिकडे तो ऐन उन्हाळा. हातातला लाल पंखा मिटून ती माझ्याकडे वाकली. "नेना," तिकडे तरुण मुलीला असंच म्हणतात, "हा माणूस तुला नाचवत नाहीये, अडवून ठेवतोय. पुढच्या वेळी मध्येच ग्रासियास म्हण आणि इथे येऊन बस. मी आहे." पुढचा तांदा दि सार्लीच्या वाद्यवृंदाचा होता. दुसरं गाणं संपलं. तिसऱ्याच्या सुरुवातीला सगळी जोडपी उभ्या उभ्या दोन शब्द बोलतात, तशी बोलत होती. मी त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि ग्रासियास म्हटलं. तो काहीतरी पुटपुटला. मी नाचाच्या जागेच्या कडेने चालत टेबलाशी आले. आजींनी शेजारची खुर्ची ओढून दिली आणि पुढच्या कोर्तिनापर्यंत त्या फक्त नातवंडांबद्दल बोलत राहिल्या.

आगाऊ भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. त्याच्या कंपूतल्या लोकांनी बरेच दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. पण बाकीच्यांनी पाहायला सुरुवात केली, आणि माझं टँगोचं खरं वर्ष तिथून पुढे सुरू झालं.

आता जाणाऱ्यांसाठी. पहिले काही दिवस फक्त बघा. बारांकास दे बेलग्रानो बागेतल्या गोल मंडपात उघड्यावर लोक नाचतात, तिथे कठड्याशी उभं राहून बघता येतं. व्हिला उर्किसातल्या संडरलँड क्लबात बास्केटबॉलच्या मैदानावर मिलोंगा भरते. आजी-आजोबा किती कमी हालचालींत किती नाचतात ते तिथे कळेल. सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्या रांगेला रोंदा म्हणतात. जो पुरुष रांग पाळतो, मागेपुढे कुणाला धक्का लागू देत नाही आणि बाईला परत जागेवर पोचवतो, त्याच्याशी नजर मिळवा. उंच लाथा उडवणारा कितीही देखणा नाचत असला तरी त्याला टाळा. गर्दीत मागून टाचेचा वार बसला की पायाचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

संगीत आधी ऐका. हा सल्ला लोकांना वरवरचा वाटतो, पण त्यात संरक्षण आहे. 1935 ते 1955 हा टँगोचा सुवर्णकाळ मानतात, आणि मिलोंगात मुख्यतः त्याच काळातलं वाजतं. वृंदप्रमुखांपैकी दारिएन्सो झपझप चालवणारा, दि सार्ली संथ आणि स्पष्ट, म्हणून नवख्यांना सोयीचा. पुग्लिएसे मात्र खोल पाण्याचा. साम्यवादी असल्यामुळे त्याला अनेकदा तुरुंगवास झाला, आणि तो आत असला की त्याच्या पियानोवर लाल कार्नेशन ठेवून बाकीचा वृंद वाजवायचा. त्याच्या संगीतात मिठी आपोआप घट्ट होते. अनोळखी माणसाबरोबर पुग्लिएसे नाचू नका. पहिल्या सुरांतच वृंद ओळखता आला, तर कुणाबरोबर नाचायचं हे तुम्ही ठरवता.

मिठी सैल ठेवता येते. डाव्या हाताचा तळवा त्याच्या दंडावर ठेवून किंचित अंतर राखलं, तर चांगला नर्तक ते लगेच मानतो. जो मानत नाही त्याच्यासाठी ग्रासियास आहेच. एकाच माणसाबरोबर लागोपाठ तांदे नाचलं की बघणारे त्याचा अर्थ लावतात. मिलोंगातून निघताना कुणी 'कॉफी घ्यायला' बोलावलं, तर जुन्या लोकांच्या बोलीत ते आमंत्रण कॉफीपुरतं नसतं, हे माहीत असू द्या. शिक्षक निवडताना आधी सामूहिक वर्गात जा, त्याच्या जुन्या विद्यार्थिनींशी बोला, पैसे तासागणिक द्या. दुसऱ्याकडे शिकू नकोस म्हणणारा शिक्षक त्याच दिवशी सोडा. उंच टाचांची घाई नको, चवडे महिनोन्‌महिने ठणकतात. परतीची गाडी आधी ठरवून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर एकच्या पुढे थांबू नका.

मुलग्यांनाही सांगायचंय. टेबलाशी जाऊन हात पुढे करू नका. नजर वळली म्हणजे उत्तर मिळालं; पुन्हा समोर जाऊन उभं राहू नका. रोंदात शिरताना येणाऱ्या जोडप्यातल्या पुरुषाशी नजर मिळवून मगच पाऊल टाका. आणि नाचताना तिची चूक काढू नका, तुम्हाला शंभर टक्के दिसत असली तरीही.

रिवाजही बदलत असतात. 2009 साली युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली, तो अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांचा वारसा म्हणून. पण तिथल्या बायकांनी काही तो काचेच्या कपाटात ठेवलेला नाही. बाईने बाईबरोबर नाचणं, बाईने पुढाकार घेऊन नाचवणं आता अनेक ठिकाणी नेहमीचं झालंय, आणि गैरवर्तन झालं तर काय करायचं याचे नियमही काही मिलोंगांनी स्त्रीवादी नर्तकींच्या आग्रहामुळे केले आहेत. जाल तिथे यजमानाला विचारा, तक्रार कुणाकडे करायची. उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरी मिलोंगा शोधा; त्या शहरात रोज रात्री त्या भरतात.

पुण्या-मुंबईतही आता टँगोचे वर्ग चालतात. ते घेणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे: पहिल्या तासाला चाल शिकवण्याआधी कबेसेओ आणि ग्रासियास शिकवा, आणि प्रत्येक मुलीकडून मोठ्याने ग्रासियास म्हणवून घ्या, तेही गाणं अर्ध्यावर असताना.