भिंगाला तोलणारे तंतू

मागे एकदा नववीतल्या एका मुलाला घेऊन त्याची आई दवाखान्यात आली. दोन वर्षांत तिसऱ्यांदा चष्म्याचा नंबर बदलला होता. "सारखा टीव्ही बघतो, डॉक्टर!" आईने निदानही करून टाकले. मी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि तपासले. दोष टीव्हीचा नव्हता. डोळ्यातले भिंगच जागेवरून वर सरकले होते.

हे भिंग मुळात कशाच्या आधाराने राहते? बुबुळाच्या मागे ते शेकडो नाजूक तंतूंनी चोहोबाजूंनी तोललेले असते. तंतूंचे एक टोक भिंगाच्या आवरणाला, तर दुसरे सिलिअरी स्नायूच्या कड्याला जोडलेले असते. योहान झिन या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७५५ साली त्यांचे वर्णन केले. आपण दूर पाहतो तेव्हा तंतू ताणलेले व भिंग चपटे असते. जवळचे वाचताना स्नायू आकुंचन पावतो, तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली यातला प्रत्येक तंतू म्हणजे असंख्य सूक्ष्म धाग्यांची जुडी असल्याचे दिसते. एका धाग्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे एक लक्षांश! धाग्यावर ठराविक अंतराने मणी ओवल्यासारखे दिसतात. हे धागे मुख्यतः 'फायब्रिलिन' या प्रथिनाचे असतात. त्याचा शोध १९८६ साली लागला.

मुलगा वयाच्या मानाने फार उंच होता, बोटेही लांबसडक. मी त्याला हृदयतज्ज्ञांकडे पाठवले. आई गोंधळली. "दुखणं डोळ्याचं, मग हृदय कशाला तपासायचं?"

कारण हेच फायब्रिलिन हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या भिंतीतही असते. त्याच्या जनुकात दोष असला तर 'मार्फान' हा विकार होतो. हे १९९१ साली सिद्ध झाले. डोळ्यात तंतू कमकुवत होऊन भिंग सरकते, तर छातीत महारोहिणी हळूहळू रुंदावते. वेळीच कळले नाही तर ती फाटून जीव जाऊ शकतो. या मुलाची महारोहिणी थोडी रुंदावलेली निघाली. औषधे सुरू झाली, कबड्डी बंद झाली. चष्म्याच्या निमित्ताने मोठे संकट वेळेत लक्षात आले.

म्हणून पालकांना सांगणे आहे, मुलाचा नंबर भराभर वाढत असेल तर नुसता चष्मा बदलू नका. बाहुली मोठी करून तपासणी करून घ्या. मूल फार उंच व सडपातळ असेल, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आई किंवा वडिलांना हा विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते.

विटी किंवा चेंडू डोळ्यावर जोरात बसला तरी हे तंतू तुटू शकतात. दुखणे थांबले म्हणून स्वस्थ बसू नका, डोळा दाखवून घ्या.