उन्हातून हायड्रोजन : छिद्रांचे काम काय?

प्रश्न : 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या सच्छिद्र 'एमओएफ' पदार्थांच्या संशोधनाला मिळाले, ते उन्हात पाण्यापासून हायड्रोजन काढतात असे ऐकले. तळ्यावर तर रोज ऊन पडते, तिथे का निघत नाही? आणि छिद्रांचा यात संबंध काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : डोळ्यांना दिसणारा प्रकाश पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून दिवसभर ऊन खाऊनही ते फुटत नाही. प्रकाश शोषून घेणारा मध्यस्थ लागतो. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडकडून हे काम करून घेतले. पण त्याला अतिनील किरणच चालतात, आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के.

एमओएफ म्हणजे धातूचे पुंजके आणि त्यांना जोडणाऱ्या सेंद्रिय दांड्या यांची छिद्रांनी भरलेली चौकट. दांडी बदलली की गुण बदलतो. ऑस्लोत तयार झालेली झिर्कोनियमची यूआयओ-66 पांढरी असते. दांड्यांना अमिनो गट लावला की पिवळी होते, म्हणजेच निळा-जांभळा प्रकाश शोषू लागते. शिवाय ती पाण्यात टिकते. कित्येक एमओएफ नुसत्या ओलाव्याने मोडतात.

खरी अडचण पुढे आहे. प्रकाशाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन मागे सोडलेल्या रिकाम्या जागेत झटकन परततो आणि मिळालेली ऊर्जा वाया जाते. त्याआधी तो चौकटीला जोडलेल्या प्लॅटिनम या उत्प्रेरकाच्या कणापर्यंत पोचला, तरच हायड्रोजन. म्हणून प्लॅटिनम कुठे बसवले याला फार महत्त्व, आणि छिद्रांचा संबंध इथेच येतो. चीनमधील हफेई येथील हाय-लाँग च्यांग यांच्या गटाने 2016 मध्ये या पिवळ्या चौकटीच्या आत आणि बाहेर प्लॅटिनम बसवून तुलना केली. आतल्याने कितीतरी अधिक हायड्रोजन दिला, कारण इलेक्ट्रॉनची वाट आखूड झाली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो : पदार्थ तेच, बदलली फक्त जागा.

मात्र एमओएफच्या अशा बहुतेक प्रयोगांत ट्रायइथेनॉलअमाइनसारखे रसायन घातलेले असते. रिकाम्या जागा ते भरते आणि स्वतः खर्ची पडते. ऑक्सिजन निघतच नाही. त्यामुळे हायड्रोजनचा मोठा आकडा वाचलात, तर द्रावणात आणखी काय होते ते अवश्य पाहा. टोकियोच्या डोमेन यांच्या गटाने 100 चौरस मीटरच्या पॅनेलवर पाणी खरोखर फोडल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध केले. तिथे उत्प्रेरक स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचा होता, आणि उन्हातल्या ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरली ती जास्तीत जास्त 0.76 टक्के.