घाट लागण्याआधी गिअर

पोळा जवळ आला की आपण बैलांचे खांदे मळतो. तूप लावतो, हळद लावतो. का बरे? सारे वर्ष ओझे त्या खांद्यांनी ओढलेले असते. खांदा सुजला की बैल बसतो. बैल बसला की काम बसते.

ट्रॅक्टरलाही असाच खांदा आहे. तो बाहेरून दिसत नाही. लोखंडी पेटीत, तेलात बुडालेला असतो. त्या पेटीला गिअरबॉक्स म्हणतात. ट्रॉलीचे सारे ओझे तिच्यातल्या दातेरी चाकांवर येते.

ही चाके काय करतात? समजा, एका लहान चाकाला १५ दात आहेत. ते ४५ दातांचे मोठे चाक फिरवते. लहान चाकाचे तीन फेरे झाले की मोठ्याचा एक होतो. वेग तिसऱ्या हिश्शावर येतो, पण जोर जवळजवळ तिप्पट होतो. खालच्या गिअरमध्ये हेच घडते. चाल मंद, जोर जास्त.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये क्लच असतो. तव्यासारख्या चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. पेडल दाबले की त्या सुटतात. पुष्कळ जण चालवताना पाय पेडलवरच टेकून ठेवतात. मग चकत्या धड चिकटत नाहीत, धड सुटत नाहीत. त्या घासतात, तापतात, जळका वास येतो. म्हणून काम झाले की पाय पेडलवरून काढा.

आता ओझ्याचा हिशेब पाहू. १० क्विंटल म्हणजे १ टन. ३० क्विंटल कापूस भरला म्हणजे ३ टन झाले. ट्रॉलीचे स्वतःचे वजन निराळे. दोन्ही मिळून ट्रॅक्टरला किती झेपेल, ते त्याच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. त्याहून जास्त भरू नका. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा. उंच जोडली तर चढणीला पुढची चाके उचलतात. बैलगाडी उलाळ होते ना, तसेच.

तापीकाठची भुई सपाट. तिथे वरचा गिअर चालतो. पण धुळ्याहून मालेगावकडे निघाले की लळिंगचा घाट लागतो. नाल्याची चढण तर गावोगावी आहे. चढणीच्या मध्यावर इंजिन धापा टाकू लागते. तेव्हा गिअर बदलायला क्लच दाबला की ओढ तुटते. भरलेली ट्रॉली मागे खेचते. गिअर लवकर पडत नाही, दात दातावर आपटतात. गाडी मागे घसरू लागते. म्हणून चढण समोर दिसली की खालीच थांबा. खालचा गिअर टाका आणि मगच चढा.

उतार याहून कठीण. डिझेल वाचेल म्हणून काही जण गिअर काढून गाडी सोडून देतात. हे फार वाईट. गिअरमध्ये असताना इंजिन चाकांना धरून ठेवते. गिअर काढला की ती पकड गेली. क्लच दाबून धरला तरी तेच होते. मागून ट्रॉली ढकलते. सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की धरत नाहीत. एकदा वेग वाढला की गिअर पुन्हा पडत नाही. यात माणसे दगावतात. भाऊ, वाचलेल्या डिझेलची किंमत किती, आणि जिवाची किती?

ज्या गिअरने चढावे, त्याच गिअरने उतरावे. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेकची पेडले खिटीने जोडून घ्या. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर एका अंगाला वळतो.

खांदेमळणी वर्षातून एकदा होते. गिअरबॉक्सचे तेल मात्र वरचेवर पाहावे लागते. सपाट जागी इंजिन बंद करून पट्टीने तेल मोजा. कमी असेल तर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घाला. तेल ताकासारखे पांढरट दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजा. नाल्याच्या खोल पाण्यातून गाडी नेली की असे होऊ शकते. तेल लगेच बदलून घ्या. गिअर घरघरू लागला किंवा आपोआप सुटू लागला, तर ओझे ओढू नका. आधी मिस्त्रीला दाखवा.

तेल किती तासांनी बदलायचे, तेही पुस्तिकेत असते. ट्रॅक्टर किती तास चालला, ते मीटरवर दिसते. आता तुम्हाला अक्षर कळते, आकडा कळतो. तेल बदलले की वहीत तारीख आणि तास लिहून ठेवा. मग दुसऱ्याला विचारायला नको.

प्रश्न
१. चढण लागण्याआधीच खालचा गिअर का टाकावा?
२. उतारावर क्लच दाबून का धरू नये?
३. ट्रॉलीत २५ क्विंटल माल आहे. तो किती टन झाला?
४. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या मीटरवरचे तास वाचा आणि वहीत लिहा.