गिऱ्हाईक आपल्याला कोणत्या शब्दाने शोधते?

परळ, लालबाग, दादर या भागात पूर्वी गादीवाल्याला जाहिरात करावी लागत नसे. तारेची टणटण ऐकू आली की चाळीतील बायका वरून हाक मारीत आणि पिंजारी खाली अंगणातच कापूस पिंजून, खोळीत भरून, टाके घालून देई. पुढे दुकाने झाली, तरी गिऱ्हाईक यायचे ते एकमेकांच्या सांगण्यावरूनच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, त्यांच्या जागांवर टॉवर उभे राहिले, चाळी पुनर्विकासात गेल्या आणि सांगणारा शेजारीही पांगला. आता नव्या इमारतीत राहायला आलेले कुटुंब मोबाईल हातात घेते आणि काही शब्द टाइप करते. ते शब्द कोणते, हे ज्या दुकानदाराला माहीत असेल त्याच्याकडे फोन जाण्याचा संभव अधिक.

आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बंधूंनी स्वतःच्या वेबसाईट करून घेतल्या आहेत. त्यांची तक्रार बहुधा एकच असते, की साईट आहे, खर्च झाला आहे, पण फोन येत नाही. अशा वेळी पुष्कळजण पुन्हा पैसे खर्च करण्याच्या मागे लागतात. त्याआधी एक साधन वापरून पाहावे असे आम्ही सुचवितो. ते गूगलचेच आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पूर्वी त्याला वेबमास्टर टूल्स म्हणत. मे २०१५ मध्ये त्याचे नाव सर्च कन्सोल झाले. बिंगचेही असेच साधन आहे आणि गूगलमधील नोंद त्यात सरळ उचलून घेता येते, म्हणून त्यासाठी वेगळी मेहनत पडत नाही.

हे साधन उघडण्यापूर्वी साईट आपलीच आहे याचा पुरावा द्यावा लागतो. साईटच्या नावाच्या नोंदीत एक सांकेतिक ओळ घालून किंवा साईटवर गूगलने दिलेली एक फाईल ठेवून हा पुरावा देता येतो. काम पाच-दहा मिनिटांचे आहे, पण ते कोणाच्या नावाने होते याकडे लक्ष द्यावे. आमच्या माहितीतील एका दुकानदाराची साईट ज्या मुलाने केली, त्याने साईटचे नाव, जागा, सर्व काही स्वतःच्या ई-मेलवर घेतले. मुलगा चांगला होता, पण नोकरीसाठी परगावी गेला. वार्षिक पैसे भरण्याची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर जात राहिली, कोणी भरले नाहीत आणि एके दिवशी साईट नाहीशी झाली. दुकानाच्या पिशव्यांवर आणि बिलांवर मात्र तेच नाव छापलेले होते. दुकानाचा भाडेकरार आपण दुसऱ्याच्या नावे करीत नाही. हेही तसेच समजावे. मालक म्हणून स्वतःचा ई-मेल ठेवावा आणि काम करणाऱ्याला वापरकर्ता म्हणून जोडावे. काम संपले की त्याला काढताही येते.

आता मुख्य भागाकडे वळू. सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स नावाचा विभाग आहे. त्यात लोकांनी कोणते शब्द शोधले असता आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी त्यावर बोट ठेवले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर ते होते, हे दिसते. समजा एखादे पान एका शब्दासाठी १,००० वेळा दिसले आणि १० जणांनी ते उघडले, तर प्रमाण १ टक्का झाले. शोधणारा कोण होता हे कळत नाही, आणि जे शब्द फारच थोड्या लोकांनी वापरले ते गुप्ततेसाठी दाखविले जात नाहीत. तरीही जे दिसते ते गल्ल्यावर बसून वर्षानुवर्षे कळणार नाही असे असते.

परळ भागातील एका गादी कारखानदार बंधूंनी आपला हा तक्ता आमच्यासमोर उघडला तेव्हा त्यांचा प्रश्न साधा होता. "भाई, इतक्या वेळा दिसतो म्हणतात, मग उघडत कोणीच कसे नाही?" आम्ही शब्दांची यादी वाचू लागलो. सर्वाधिक वेळा दिसण्याचे कारण ठरलेला शब्द होता जी-ए-डी-आय, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली गादी. परंतु त्याच चार अक्षरांत गाडीही लिहितात! ज्यांच्यासमोर आमच्या बंधूंचे पान येत होते त्यातील बरेचजण मोटार दुरुस्त करणारा शोधत होते. त्यांनी गादीचे पान उघडावे तरी कशाला? म्हणजे दिसण्याचा तो मोठा आकडा फसवा होता आणि त्यावर खूश होण्यात किंवा निराश होण्यात काही अर्थ नव्हता.

यादीत आणखी खाली गेलो तेव्हा खरा माल सापडला. कोणी शोधले होते "कापसाची गादी", कोणी "जुनी गादी भरून देणारे", कोणी इंग्रजीत "कॉटन मॅट्रेस रिफिलिंग", कोणी "पाळण्याची गादी". आकडे लहान होते, पण हे प्रत्येक गिऱ्हाईक पैसे घेऊन निघालेले होते. आणि साईटवर काय लिहिले होते? वर मोठ्या अक्षरांत "मॅन्युफॅक्चरर अँड सप्लायर ऑफ प्रीमियम बेडिंग सोल्यूशन्स". हा शब्दप्रयोग साईट करणाऱ्याने कोठून तरी उचलला होता. जुनी गादी पिंजून पुन्हा भरून देणे हे कारखान्याचे निम्मे काम, आणि त्याचा साईटवर एका ओळीनेही उल्लेख नव्हता. पानाचे शीर्षक, जे गूगलच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसते, ते नुसते "होम" होते.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. जुन्या गादीचे काम, नवी कापसाची गादी, सावरीच्या कापसाच्या उश्या, लोड-तक्के, पाळण्याच्या गाद्या, असे एकेका कामाचे वेगळे पान केले. शीर्षकात कामाचे नाव आणि ठिकाण घातले. मजकूर मराठीत लिहिला आणि खाली तोच इंग्रजीत दिला, कारण शोधणारे दोन्ही प्रकारचे आहेत. किती किलो कापूस लागतो, जुना कापूस केव्हा पुन्हा वापरता येतो आणि केव्हा टाकून द्यावा लागतो, घरी येऊन काम होते की गादी कारखान्यात न्यावी लागते, हे जे गिऱ्हाईक फोनवर विचारते तेच लिहून काढले. हे लिहायला बाहेरचा लेखक लागत नाही. मालकाने बोलावे आणि घरातील शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने लिहावे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काही लोक एकच वाक्य पन्नास वेळा लिहितात, किंवा पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द भरून ठेवतात, म्हणजे माणसाला दिसू नये पण यंत्राने वाचावे. गूगल हे नियमाविरुद्ध मानते आणि पकडले गेल्यास पान खाली ढकलले जाते किंवा यादीतून काढलेही जाते. मालात भेसळ करून गिऱ्हाईक टिकत नाही हे ज्याला कळते त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जे काम आपण करीत नाही आणि ज्या भागात आपण जात नाही, त्यांची नावेही लिहू नयेत.

ठिकाणांच्या नावांचा प्रश्न आपल्या भागात विशेष आहे. बिलावर आपण सरकारी पत्ता छापतो, गिऱ्हाईक मात्र जुन्या नावाने शोधते. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणून शोधणारा विरळा. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घेणारा लॅमिंग्टन रोडच म्हणणार. दादरच्या खोदादाद सर्कलला लोक अजून टी. टी. म्हणतात, मुंबईतील ट्राम १९६४ मध्ये बंद झाली तरीही. एल्फिन्स्टन रोड स्थानक जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, पण दोन्ही नावे चालतात. गिरगावच्या दुकानदाराला लोक चर्नी रोडच्या नावाने शोधत आले, कारण गिरगाव नावाचे स्थानकच नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली तेव्हा ते झाले. त्यामुळे गिरगावकर व्यापाऱ्यांनी पुढील काही महिने शब्दांची यादी अवश्य पाहत राहावी. लालबागची अडचण निराळीच. इंग्रजीत शेवटी जी-एच लिहिले की बंगळूरचे उद्यान आणि लखनौचा मोहल्ला मध्ये येतो. गणेशोत्सवात लालबाग शोधणारे लाखो लोक असतात, पण ते गादी शोधत नसतात. परळ आणि पार्ले यांच्या इंग्रजी लिखाणात तर केवळ दोन अक्षरांची अदलाबदल आहे. यावर उपाय एवढाच, की पत्त्याबरोबर जवळचे स्थानक, चौक आणि "मुंबई" हा शब्द साध्या वाक्यात लिहावा. "परळ स्थानकापासून चालत अमुक मिनिटे" हे वाक्य माणसालाही उपयोगी आणि यंत्रालाही.

काही साईट गूगलच्या यादीतच नसतात. सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत आपल्या पानाचा पत्ता टाकला की ते यादीत आहे की नाही हे कळते, आणि नसल्यास विनंतीही करता येते. विनंतीनंतर काही दिवस ते काही आठवडे थांबावे लागते. रोज विनंती करून काम लवकर होत नाही. आम्ही पाहिलेला नेहमीचा दोष असा, की दुकानाचे छापील पत्रकच चित्र म्हणून साईटवर चढविलेले असते. दर, कामे, पत्ता सर्व त्या चित्रात. माणूस ते वाचतो, पण यंत्राच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. शब्द शब्द म्हणूनच लिहावेत. गूगलवरील दुकानाच्या नोंदीबरोबर जी फुकट साईट मिळत असे ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांच्या कार्डावर अजून तो जुना पत्ता छापलेला आहे त्यांनी तो आजच बदलावा.

स्वतःच्या मोबाईलवर रोज आपले दुकान शोधून क्रमांक पाहण्याची सवय अनेकांना असते. दुकानात बसून शोधले तर आपले दुकान वर दिसणे साहजिक आहे, कारण यंत्र शोधणाऱ्याची जागा पाहते. त्यात आपले हे शोधणेही आकड्यांत मिसळते. "पहिला क्रमांक हमखास मिळवून देतो" असे फोनवर सांगणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवले आहे.

शेवटी हंगामाच्या हिशेबाविषयी. हे साधन १६ महिन्यांचे आकडे ठेवते आणि मागील वर्षाच्या त्याच तारखांशी तुलनाही करून देते. ईदपूर्वी ज्यांचा धंदा वाढतो, त्या कपडा, शिलाई, अत्तर, गादी-उशीवाल्यांनी ही तयार तुलना वापरू नये. २०२४ मध्ये रमजान ईद ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. एप्रिलचा पहिला आठवडा दोन्ही वर्षी ताडून पाहिला तर एका वर्षी ऐन गर्दी आणि दुसऱ्या वर्षी ईद उरकलेली, म्हणजे धंदा बसला असा उगीच समज होईल. तारखा स्वतः निवडाव्यात आणि दोन्ही वर्षी ईदपूर्वीचे तीन आठवडे घ्यावेत. लोक कापडाचे शब्द केव्हा शोधू लागतात आणि शिंप्याचे केव्हा, हे त्यातून दिसते. माल कधी भरावा याचा अंदाज येतो. १६ महिन्यांनंतर जुने आकडे दिसेनासे होतात, म्हणून ते उतरवून ठेवावेत. परळच्या त्या गादीवाल्या बंधूंनी त्यासाठी उधारीच्या वहीची मागची पाने राखून ठेवली आहेत.