पद मोठे की सत्य?



निवडणूक आली की आपण सारे विचारतो, चांगला नेता कोणाला म्हणावे? युरोपातील प्रबोधनकाळातही हाच प्रश्न विचारला गेला. फ्लॉरेन्स शहरातील मॅकियाव्हेली यांनी १५१३ साली 'द प्रिन्स' हे छोटे पुस्तक लिहिले. ते छापले गेले १५३२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. राज्य टिकवायचे तर राजाला प्रसंगी वाईटही वागता आले पाहिजे, मात्र लोकांना तो सद्गुणी दिसावा, असे त्यांचे म्हणणे. पण त्यांनी एक इशाराही दिला आहे. राजाने खुशमस्कऱ्यांपासून सावध राहावे आणि खरे बोलणारी शहाणी माणसे जवळ ठेवावीत.

मग खरे बोलणाऱ्याचे पुढे काय होते? त्याच काळातील संत थॉमस मोर यांचे उदाहरण घेऊ. 'युटोपिया' (१५१६) या ग्रंथाचे हे लेखक १५२९ साली इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. राजा आठवा हेन्री ख्रिस्तसभेवर आपली सत्ता लादू लागला, तेव्हा १५३२ साली त्यांनी पद सोडले. पुढे राजाला हवी असलेली शपथ त्यांनी नाकारली. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्यांना राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. २२ जून हा त्यांचा सण.

असा एक माणूस आपल्या पुण्यातही होऊन गेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात तरुण पेशवे नारायणराव यांचा खून झाला आणि चुलते रघुनाथराव पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांनाच दोषी ठरवले. या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त, असे त्यांनी सत्ताधीशाला तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर ते सन्मानाने परतले.

नारायणरावांचा मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर, १७७४ साली जन्मला. तेच सवाई माधवराव. त्यांनीच दिलेल्या जागेवर १७९२ साली क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची सुरुवात झाली.

मोर आणि रामशास्त्री यांचा देश वेगळा, धर्म वेगळा. पण दोघांनीही बंड केले नाही. पद खाली ठेवले, सत्य ठेवले नाही.

आपल्या हाती राज्य नाही. पण सोसायटीची कमिटी आहे, बचत गट आहे, धर्मग्रामाची पॅरिश कौन्सिल आहे. तिथे आपण कसे वागतो? बैठकीत मान डोलावतो आणि बाहेर गाडी काढताना खरे मत सांगतो. हिशेबाबद्दल कोणी प्रश्न विचारला, तर 'हा नेहमीचाच' म्हणून त्यालाच गप्प करतो. अशाने चांगला नेताही बिघडतो आणि त्यात आपलाही वाटा असतो. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचे पाप दाखवले. दावीद रागावला नाही, त्याने ते कबूल केले. असे ऐकून घेणे हेही नेतृत्वच.

चिंतनासाठी प्रश्न
१. आपल्या चुका दाखवणारा कोणी आपल्याजवळ आहे का? त्याला आपण जवळ ठेवतो की दूर करतो?
२. खरे बोलण्यासाठी आपण कोणते पद किंवा कोणता मान सोडू शकतो?

या आठवड्यात कुटुंबासह वाचा : २ शमुवेल १२:१-१५.