प्रकाश, पाणी आणि मीठ : बोरिवलीचे वन ते ठाण्याची खाडी

कोणताही सजीव जेथे आढळतो तेथेच का आढळतो, हा जीवशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर ‘प्रकाशसंश्लेषण’ आणि ‘परिसंस्था’ अशा दोन स्वतंत्र प्रकरणांत विभागलेले असते. परीक्षेपुरती ती दोन्ही पाठ केली की त्यांचा परस्परसंबंध नेमका सुटून जातो. हा संबंध प्रत्यक्ष पाहण्यास मुंबईच्या उपनगरांइतके सोयीचे ठिकाण क्वचितच मिळेल. कान्हेरीच्या लेण्यांपासून भांडुपच्या खाडीकिनाऱ्यापर्यंतचे सरळ अंतर जेमतेम दहा किलोमीटर. परंतु एवढ्या अंतरात दाट वन, उघडा कातळ आणि खाऱ्या चिखलातील कांदळवन अशी तीन निराळी जगे आपणांस भेटतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमवेत हा पाठ आम्ही पुन्हा एकदा वाचू इच्छितो.

प्रथम पानाच्या आत काय घडते ते पाहू. वनस्पती आपले अन्न मातीतून घेते, असा समज शतकानुशतके रूढ होता. व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने कुंडीतील वजन केलेल्या मातीत 5 पौंडांचे विलोचे रोप लावून त्यास केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड सुमारे 169 पौंडांचे झाले, माती मात्र अवघी 2 औंसांच्या आसपास घटली. त्याचा हा प्रयोग 1648 साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. झाडाची सारी वाढ पाण्यापासून होते, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच खरा होता. उरलेले अर्धे उत्तर हवेत होते आणि ते हाती येण्यास आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला. 1779 मध्ये इंगेनहाउझ याने दाखवून दिले की वनस्पतीचा हिरवा भाग हवा शुद्ध करतो तो केवळ प्रकाशातच.

आज आपण जाणतो की पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील मुख्यतः तांबडा व निळा भाग शोषून घेते. त्या ऊर्जेच्या बळावर कार्बन डायऑक्साइडचे 6 रेणू व पाण्याचे 6 रेणू यांपासून ग्लुकोजचा 1 रेणू घडतो आणि ऑक्सिजनचे 6 रेणू बाहेर पडतात. ही झाली वनस्पतीची कमाई. परंतु वनस्पती रात्रंदिवस श्वसनही करते आणि त्यात साखर खर्च होते. जेथे वर्षाअखेर कमाई खर्चाहून अधिक भरते, तेथेच ती वनस्पती टिकू शकते. प्रकाशसंश्लेषण आणि अधिवास यांना जोडणारा दुवा हाच होय.

मग कमाई कशावर अवलंबून असते? प्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड, तापमान, क्षार असे अनेक घटक त्यात असतात. 1905 साली ब्लॅकमन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याविषयी एक नियम मांडला. प्रक्रियेचा वेग सर्व घटकांच्या बेरजेवर नव्हे, तर त्यांतील सर्वांत अपुऱ्या घटकावर ठरतो. अशा घटकास मर्यादाकारक घटक म्हणतात. इतर घटक कितीही मुबलक असले तरी त्या एका उणिवेची भरपाई ते करू शकत नाहीत. हा नियम हाती घेऊन आता आपण वनात जाऊ.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरांचे आहे. मुंबईचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जुलैमध्ये या वनात पाण्याची वाण नसते. वाण असते ती प्रकाशाची. आकाशात ढग, वर झाडांचे छत, त्यामुळे जमिनीपर्यंत प्रकाशाचा अल्प अंशच पोहोचतो. म्हणून तळाशी वाढणाऱ्या वनस्पतींची पाने रुंद, पातळ व गडद हिरवी असतात. वेली खोडावर खर्च न करता दुसऱ्याच्या खांद्यावरून उजेडाकडे चढतात. पिंपळाचे बी पक्ष्याच्या विष्ठेतून उंच फांदीवर किंवा भिंतीच्या फटीत पडते आणि तेथेच रुजते. आरंभी माती नाममात्र मिळाली तरी चालते, कारण उंचीवर प्रकाश मिळतो.

त्याच वनात एप्रिल-मेमध्ये गेल्यास चित्र पालटलेले दिसते. आता प्रकाश ओसंडून वाहतो, परंतु पाणी आटलेले असते. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी पानांना पर्णरंध्रे उघडावी लागतात आणि ती उघडली की पाण्याची वाफ निसटते. पाणी नसताना हा व्यवहार तोट्याचा ठरतो. म्हणून साग, सावर, कांडोळ हे वृक्ष पाने गाळून दुकान बंद ठेवतात. कातळावरील निवडुंगाची रीत याहून निराळी. तो पर्णरंध्रे रात्रीच्या गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड साठवितो आणि दिवसा ती मिटून घेऊन साखर तयार करतो.

पाण्याच्या याच टंचाईला माणसानेही येथे उत्तर दिलेले आहे. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत भिक्खूसंघ शतकानुशतके राहिला. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या या कातळावर ते शक्य झाले, कारण लेण्यांलगत पोढी म्हणजे पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी त्यांत आणणारे पाटही दगडात कोरलेले आहेत. उणीव कोणती हे ओळखून नेमकी तीच भरून काढण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता पूर्वेस, मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या पलीकडे खाडीवर येऊ. येथे पाणी भरपूर आणि ऊनही भरपूर, तरीही साग वा आंबा येथे जगणार नाही. मिठामुळे मुळांना पाणी ओढून घेणे कठीण जाते आणि भरतीच्या चिखलात मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. या दोन्ही अडचणींवर तिवराने मात केली आहे. तो जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. पानावर जीभ लावल्यास खारटपणा कळतो. त्याची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर येऊन हवा घेतात. त्याच्या मुळांशी निवटी आणि खेकडे राहतात. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या अगदी वरच्या, प्रकाश पोहोचेल अशा पातळ थरात सूक्ष्म शैवाल प्रकाशसंश्लेषण करते. ते गाळून खाण्यासाठी लहान रोहित पक्षी हजारोंच्या संख्येने येथे येतात. त्यांचा गुलाबी रंग याच अन्नातील रंगद्रव्यांतून येतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रोहित दिसले म्हणजे खाडी निरोगी आहे, असे मानता येत नाही. शहराच्या सांडपाण्यातून येणारी नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त द्रव्ये शैवालास खताप्रमाणे उपयोगी पडतात. शैवाल वाढले म्हणजे ते खाणारा पक्षी वाढतो. परंतु तेच सांडपाणी कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपवीत असल्याने मासे घटतात आणि मासेमारीवर जगणाऱ्या कोळी कुटुंबांच्या चुलीपर्यंत त्याची झळ पोहोचते. घटक बदलला की रहिवासी बदलतात. हा बदल सर्वांच्या हिताचा असतोच असे नाही.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पाण्याला पसरण्यासाठी लागणारी जागा आपण किती बुजविली आहे, हे त्या दिवशी उपनगरांना कळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यास मनाई केली. 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि 2022 मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हे संरक्षण मोलाचे आहे. तथापि कांदळवनाचा खरा आधार भरती-ओहोटीचे पाणी हा आहे. राडारोडा टाकून ते पाणी अडविले, तर कुऱ्हाड न लावताही तिवर मरतात. उलट अडथळा दूर करून पाणी खेळते केले, तर वाहत आलेल्या बियांपासून ती पुष्कळदा आपोआप उगवून येतात.

आपल्या समाजात जयंती आणि पौर्णिमेच्या कार्यक्रमांत वृक्षारोपणाची सुंदर परंपरा आहे. तिला या पाठाची जोड द्यावी, अशी आमची विनंती आहे. एप्रिल-मेमध्ये डोंगरउतारावर लावलेले रोप खत, कुंपण आणि नामफलक असूनही वाळते, कारण तेथे मर्यादाकारक घटक पाणी हा असतो. कार्यक्रमाच्या दिवशी संकल्प करावा, रोप पहिल्या दमदार पावसानंतर लावावे आणि पुढील दोन-तीन उन्हाळे त्यास पाणी कोण घालणार हे नावानिशी ठरवावे. इमारतींच्या सावलीत उन्हाची आवड असलेले झाड लावू नये. खाडीकाठी रोपे लावण्यापूर्वी भरतीचा मार्ग मोकळा आहे की नाही ते पाहावे.

पालकांनी मुलांसमवेत एक छोटे निरीक्षण अवश्य करावे. एकाच आंब्याच्या झाडाचे उन्हातील एक पान आणि आतल्या सावलीतील एक पान घेऊन आकार, जाडी व रंग ताडून पाहावेत. एकाच झाडाच्या दोन पानांत पडलेला फरक मुलांना पुष्कळ काही सांगून जाईल.

सावलीतील रोप खुरटे दिसले म्हणून त्याचे बी हलके ठरत नाही. त्यास कशाची उणीव आहे, हे आधी शोधावे लागते. आपल्या निवासी विद्यालयाची कल्पना याच विचारावर उभी आहे. एखाद्या मुलास अभ्यासाला शांत जागा हवी असते, एखाद्यास दोन वेळचे अन्न, तर एखाद्यास केवळ आपुलकीने विचारणारे कोणी. सर्वांना सारखेच देऊन भागत नाही. ज्याला जे अपुरे आहे ते त्याच्यापर्यंत पोहोचवावे लागते. हे काम येथून बाहेर पडलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपापल्या वस्तीत पुढे चालवावे, हीच आमची अपेक्षा.