बाल्टिमोरची शाळा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर नावाचे मोठे बंदर आहे. १७९३ सालच्या जुलै महिन्यात या बंदराला एकामागून एक जहाजे लागली. कॅरिबियन समुद्रातील सँ दोमँग या फ्रेंच वसाहतीतून, म्हणजे आजच्या हैती देशातून, जीव वाचवून आलेली सुमारे दीड हजार माणसे त्यांत होती. तेथील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड पुकारले होते. निर्वासितांत गोरे मळेवाले होते, त्यांचे गुलाम होते आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबेही होती. ही मंडळी फ्रेंच बोलत आणि कॅथलिक पंथ पाळीत. शहर मात्र इंग्रजी बोलणारे व बहुतांशी प्रॉटेस्टंट.

कृष्णवर्णीय निर्वासितांच्या मुलांना येथे विचारतो कोण? मेरीलँडमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. पुढे १८२९ साली शहराने सार्वजनिक शाळा उघडल्या, त्याही गोऱ्या मुलांपुरत्याच. शेजारच्या व्हर्जिनिया राज्याने तर १८३१ साली अशा मुलांना एकत्र जमवून लिहावाचावयास शिकविण्यास कायद्यानेच बंदी केली!

१८१३ च्या सुमारास एलिझाबेथ लांज नावाची कृष्णवर्णीय तरुणी बाल्टिमोरला आली. ती मूळची क्यूबा बेटावरची असे मानतात. तिची भाषा फ्रेंच होती व ती चांगली शिकलेली होती. अक्षरशत्रू मुले रस्त्यात हिंडताना पाहून तिला राहवेना. मारी बालास या मैत्रिणीच्या साह्याने तिने राहत्या घरीच विनामूल्य शाळा सुरू केली. सुमारे दहा वर्षे ती चालली. मग पैशाअभावी बंद पडली.

त्याच सुमारास झुबेर नावाचे फ्रेंच धर्मगुरू निर्वासितांच्या मुलांना रविवारी धर्मपाठ देत असत. मुलांना पाठ काही केल्या येईनात. मुले मठ्ठ होती असे नव्हे. त्यांना पुस्तकच वाचता येत नव्हते. तेव्हा धर्मपाठाआधी शाळा हवी, हे झुबेर यांनी ओळखले आणि त्या दोघी शिक्षिकांची गाठ घेतली. १८२८ च्या जून महिन्यात भाड्याच्या घरात शाळा सुरू झाली. घरून येणाऱ्या व तेथेच राहणाऱ्या मिळून वीस मुली होत्या. इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषा, लेखन, गणित, शिवणकाम आणि कपडे धुणे व इस्त्री करणे हे विषय होते.

शाळा टिकावी म्हणून २ जुलै १८२९ रोजी चार स्त्रियांनी संन्यासिनींचे व्रत घेतले. त्यांतील अल्मेड ही सर्वांत लहान. ती या शिक्षिकांच्याच हाताखाली वाढलेली. कृष्णवर्णीय स्त्रियांनी संन्यासिनींचा वेष घालावा, हे शहरातील पुष्कळांना रुचले नाही. तीन वर्षांनी पटकीची साथ आली, तेव्हा याच भगिनी गरीबखान्यात रुग्णांच्या सेवेला गेल्या. त्या वर्षी एका भगिनीचा बळीही गेला.

१८४३ मध्ये झुबेर वारले आणि शाळेचे दिवस फिरले. मदत आटली, मुली कमी झाल्या. हे मंडळ मोडावे, असेही वरिष्ठांकडून सुचविले गेले. भगिनी लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून व शिवण शिवून पोट भरीत. पण वर्ग त्यांनी सोडले नाहीत. शेवटी १८४७ साली आनवांडर नावाच्या तरुण जर्मन धर्मगुरूने बिशपांपुढे गुडघे टेकून या शाळेची जबाबदारी मागून घेतली, असे सांगतात.

१८६४ साली मेरीलँडमधील गुलामगिरी संपली. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांनाच जोतीराव फुले यांनी पुण्यात १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७१ मध्ये, बाल्टिमोरची ही शाळा चेस स्ट्रीटवरील नव्या इमारतीत गेली होती. मदर लांज १८८२ साली वारल्या. सेंट फ्रान्सिस अकादमी या नावाने त्यांची शाळा अजून चालू आहे. आता ती माध्यमिक शाळा असून तीत मुलगेही शिकतात.